फुकटचा सल्ला महागात पडतो

आपल्या राज्यात एखादा प्रश्न चिघळला, की सरकार दोन गोष्टी हमखास करते. त्या प्रश्नाची आपण गंभीर दखल घेतल्याचे ते जाहीर करते आणि पाठोपाठ तज्ज्ञांची एक समिती नेमते. प्रश्न खाणींचा असो, किनाऱ्यावरील बांधकामांचा असो, प्रादेशिक आराखड्याचा असो किंवा शाळेतल्या पाठ्यपुस्तकांचा असो. समितीवाचून आमच्या राज्यकारभाराचे पान हलत नाही. समिती नेमण्यात वावगे काही नाही. मंत्र्याला सगळेच विषय कळावेत अशी अपेक्षा कोणी करू नये, आणि आपल्याला जे कळत नाही ते जाणकाराला विचारावे, यात शहाणपणच आहे. पण ज्या जाणकारांना आपण विचारायला जातो, त्यांच्या वेळेचे आणि विद्येचे मोल आपण काय करतो, याचा विचार मात्र कोणी फारसा गांभीर्याने केलेला दिसत नाही. नेमणुकीच्या दिवशी वृत्तपत्रांत नावे छापून येतात, अहवाल सादर करण्याच्या दिवशी शाल आणि श्रीफळ मिळते, आणि मधला सारा काळ त्या बिचाऱ्यांनी पदरमोड करून काढावा, अशीच शासनाची अपेक्षा असते.

चारदोन प्राध्यापकांच्या खिशात चार पैसे अधिक पडावेत एवढ्यापुरताच हा विषय असता, तर त्यासाठी अग्रलेखाची जागा आम्ही खर्ची घातली नसती. परंतु या समित्या आता नुसता सल्ला देणाऱ्या राहिलेल्या नाहीत. पर्यावरणीय मंजुरी द्यावी की नाही, किनारपट्टीवरचे बांधकाम कायदेशीर की बेकायदेशीर, खाणीतून वर्षाला किती माल काढावा, शेतजमिनीचे रूपांतर व्हावे की नाही, या साऱ्याचे निर्णय व्यवहारात त्यांच्याच मेजावर होतात. डोंगर राहणार की जाणार, विहिरीला पाणी राहणार की नाही, गावातल्या ट्रकवाल्याच्या घरी चूल पेटणार की नाही, हे तिथे ठरते. एवढा मोठा भार ज्यांच्या खांद्यावर आपण टाकतो, त्यांना तो वाहण्याचे बळ देण्याची जबाबदारी टाकणाऱ्याची नाही काय?

आमच्या परिचयाचे एक वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. हयातभर सह्याद्रीच्या कुशीत पायपीट केलेला हा माणूस. राज्यपातळीवरच्या एका समितीवर त्यांची नेमणूक झाली तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार केला. पहिल्या बैठकीच्या दोन दिवस आधी त्यांच्या घरी कागदांचा एक गठ्ठा येऊन पडला. एकेका प्रकरणाचे शेकडो पृष्ठांचे अहवाल, सोबत नकाशे, परिशिष्टे, आणि कार्यसूचीवर अशी पुष्कळ प्रकरणे. त्यांनी दोन रात्री जागून जमेल तेवढे वाचले. बैठकीत त्यांनी एका अहवालातील वनस्पतींच्या यादीवर बोट ठेवले, कारण त्या यादीतल्या काही जाती त्या पठारावर उगवणे शक्यच नव्हते. यादी दुसरीकडून उचलून चिकटवलेली होती. अध्यक्षांनी त्यांचे आभार मानले आणि पुढच्या प्रकरणाला हात घातला. पुढे एकदा स्वतःच्या गाडीने ते ती जागा पाहून आले. त्या प्रवासाचे देयक सादर केले, तेव्हा त्यासाठी पूर्वसंमती घेतली नव्हती या शेऱ्यासह ते परत आले. वर्षभराने त्यांनी राजीनामा दिला. आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, “पैशांसाठी मी गेलो नव्हतो, खरेच. पण मी वाचले काय आणि न वाचले काय, तिथे कोणालाच फरक पडत नाही, हे त्या देयकाने मला सांगितले.”

या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाचे मर्म आले आहे. समितीवरच्या बिगरसरकारी सदस्याला जे मिळते त्याला ‘बैठक भत्ता’ म्हणतात, आणि ग्यानबाची मेख या नावातच आहे. हा भत्ता बसण्याचा आहे. वाचण्याचा, पडताळण्याचा, जागेवर जाऊन मातीला हात लावण्याचा, घरी येऊन टिपण लिहिण्याचा भत्ता कोणत्याही शासकीय तक्त्यात नसतो. जो सदस्य कागद न उघडता येतो, चहा घेतो, मान डोलावतो आणि सही करून जातो, त्याला जेवढे मिळते तेवढेच आठवडाभर डोळे फोडून वाचणाऱ्याला मिळते. अशा व्यवस्थेत वाचणारे हळूहळू कमी व्हावेत आणि मान डोलावणारे वाढावेत, यात नवल ते कसले? शासन ज्या वस्तूची किंमत मोजते तीच वस्तू त्याला मिळते. त्याने उपस्थितीची किंमत मोजली. त्याला उपस्थिती मिळाली.

पर्यावरणीय मंजुरीचेच उदाहरण घेऊ. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने देशभर जी व्यवस्था आणली, तिच्यात केंद्राच्या आणि राज्यांच्या तज्ज्ञ मूल्यमापन समित्या हाच मुख्य कणा आहे. प्रकल्पाचा अंतिम आघात अहवाल हाती आल्यापासून साठ दिवसांत समितीने छाननी पुरी करायची आणि पुढच्या पंचेचाळीस दिवसांत प्राधिकरणाने निर्णय द्यायचा. मुदतीत निर्णय झाला नाही, तर समितीची शिफारस हाच निर्णय मानून प्रकल्पप्रवर्तक पुढे जाऊ शकतो, अशीही तरतूद त्या अधिसूचनेत आहे. म्हणजे ज्याला कागदोपत्री ‘शिफारस’ म्हणतात, ती वेळप्रसंगी शेवटचा शब्द ठरते. असा शब्द उच्चारणाऱ्या माणसाला आपण पाहुण्यासारखे बोलावतो आणि पाहुण्यासारखेच वाटेला लावतो.

या ढिलाईची किंमत काय पडते, हे गोमंतकीयांना मोपाच्या पठाराने दाखवून दिले आहे. पेडणे तालुक्यातील त्या विमानतळाला २०१५ साली पर्यावरणीय मंजुरी मिळाली. प्रकरण हरित न्यायाधिकरणाकडून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २९ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने ती मंजुरी स्थगित करून समितीला पुन्हा विचार करण्यास फर्मावले. परिसरातील वने, पर्यावरणसंवेदनशील क्षेत्रे यांविषयीची माहिती प्रवर्तकाने अर्जातच पुरती उघड केली नव्हती, आणि ती का उघड केली नाही असे तज्ज्ञ समितीनेही विचारले नव्हते. एवढी मोठी शिफारस करताना समितीने आपली कारणे नोंदवली नव्हती, यावर न्यायालयाने कठोर शब्दांत बोट ठेवले. पुढे समितीने फेरविचार केला, जादा अटी घातल्या गेल्या, १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठवली आणि त्या अटींच्या पालनावर देखरेख करण्याचे काम नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेकडे सोपवले. डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले. विमानतळ हवा होता की नको, हा वाद आज आम्ही उकरून काढत नाही. ज्यांना तो हवा होता त्यांचेही त्या स्थगितीने नुकसान झाले आणि ज्यांना नको होता त्यांचेही समाधान झाले नाही. पहिल्याच वेळी कागद नीट वाचला गेला असता, प्रश्न विचारले गेले असते आणि कारणे लिहिली गेली असती, तर हे सारे टळले असते.

त्या समितीच्या सदस्यांना मानधन कमी होते म्हणून असे घडले, असा आरोप आम्ही करणार नाही. तसे म्हणण्यास आमच्यापाशी आधार नाही. पण व्यवस्थेची रचना कशी आहे ती पाहा. आघात अहवाल कोण तयार करते? सल्लागार संस्था. तिला पैसे कोण देते? ज्याला मंजुरी हवी आहे तो प्रवर्तक. त्या संस्थेत पगारी माणसे असतात, वकील दिमतीला असतात, अहवाल रंगवून सजवून देण्याची साधने असतात. बैठकीत प्रवर्तकाच्या बाजूने बोलायला येणारा प्रत्येकजण त्या दिवसाचे पैसे घेत असतो. समितीचा सचिव सरकारी अधिकारी, तोही पगारी. चहा आणून देणारा शिपाईसुद्धा पगारी. त्या सबंध दालनात आपल्या वेळेची खरी किंमत न घेता बसलेला माणूस एकच असतो, आणि लोकांच्या वतीने या साऱ्यांची उलटतपासणी घेण्याची अपेक्षा नेमकी त्याच्याकडून असते! एका बाजूला पोटभर जेवलेले मल्ल आणि दुसऱ्या बाजूला उपाशी पंच, अशी ही कुस्ती आहे.

सरकारला तज्ज्ञांची किंमत कळत नाही, असेही म्हणता येत नाही. जिथे पैशाचा प्रश्न असतो तिथे ती बरोबर कळते. रिझर्व्ह बँक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन व्याजदर ठरवणारी सहा जणांची पतधोरण समिती अस्तित्वात आली. तिच्यातील तीन सदस्य बाहेरचे तज्ज्ञ असतात. त्यांना बैठकीमागे दीड लाख रुपये आणि प्रवास व निवासाचा खर्च देण्याचे त्या वेळी ठरले. पण त्या पैशांबरोबर कोणती बंधने आली, तेही लक्षात घ्यावे. मुदत चार वर्षांची. त्यानंतर पुनर्नियुक्ती नाही. आपली मालमत्ता जाहीर करायची. बैठकीच्या सात दिवस आधी आणि सात दिवस नंतर त्या विषयावर जाहीर बोलायचे नाही. प्रत्येकाने कोणत्या बाजूने मत दिले आणि का दिले, ते चौदाव्या दिवशी लोकांपुढे ठेवायचे. कंपनी कायद्यानेही स्वतंत्र संचालकाला एकेका बैठकीसाठी एक लाख रुपयांपर्यंत शुल्क घेण्याची मुभा दिली आहे. त्याच वेळी कंपनीच्या भागांवर हक्क सांगण्यास मात्र त्याला मनाई केली आहे. म्हणजे मोबदला पुरेसा द्यावा, पण निर्णयाच्या फायद्यातोट्याशी त्याचा संबंध येऊ देऊ नये, हे तत्त्व आमच्याच कायद्यांनी मान्य केले आहे. मग व्याजदर पाव टक्क्याने वर न्यावा की खाली आणावा हे ठरवणाऱ्याला जो न्याय, तो नदीच्या उगमाचे भवितव्य ठरवणाऱ्याला का नसावा? व्याजदर पुढच्या बैठकीत बदलता येतो. कापलेला डोंगर पुढच्या बैठकीत उभा करता येत नाही.

हा विचार परदेशातून आणलेला आहे, असे कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सेवकांच्या भरणपोषणाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. मंत्री, पुरोहित, सेनापती यांच्याबरोबरच आचार्यांनाही सर्वोच्च म्हणजे अठ्ठेचाळीस हजार पणांच्या श्रेणीत त्याने बसवले, आणि त्याचे कारणही दिले. एवढ्या वेतनावर असलेला माणूस मोहाला बळी पडत नाही आणि राजावर रुष्टही होत नाही. त्याच प्रकरणात इतर अध्यापक आणि विद्वान यांच्यासाठी पाचशेपासून हजार पणांपर्यंतची तरतूद त्याने केली आहे आणि तिला फार सुंदर शब्द योजला आहे, ‘पूजावेतन’. पूजा आणि वेतन या दोन गोष्टी त्याला परस्परविरोधी वाटल्या नाहीत. आम्ही मात्र त्यांची फाळणी केली. पूजा ठेवली, वेतन काढून घेतले. आणि त्या पूजेचेही आता केवळ श्रीफळ उरले आहे.

आमच्या गोमंतकातील गावकरी संस्थेचा इतिहास तरी काय सांगतो? १५२६ साली पोर्तुगीज सत्तेने ‘फोराल’च्या रूपाने गावकरीचे जे रीतिरिवाज लिहून घेतले, ते त्यापूर्वी कित्येक पिढ्या चालत आलेले होते. देवाची सेवा करणाऱ्याला आणि गावाची सेवा करणाऱ्याला नमस जमीन होती. खाजन शेतीचा बांध फुटला तर साऱ्या गावाच्या तोंडचा घास जातो, हे आमच्या पूर्वजांना ठाऊक होते. म्हणून बांध आणि मानस राखण्याचे काम त्यांनी कोणाच्या दयाबुद्धीवर सोडले नाही. त्याचा खर्च गावाच्या उत्पन्नातून आधी बाजूला काढला आणि उरलेले वाटून घेतले. भरतीचे पाणी केव्हा आत घ्यावे आणि केव्हा अडवावे हे ज्याला कळते तो माणूस गावाला लाखमोलाचा होता, आणि गाव त्याला तसे वागवीत होते. शास्त्राची पदवी त्याच्यापाशी नव्हती, एवढाच काय तो फरक.

या मागणीवर पहिला आक्षेप येईल तो सेवाभावाचा. समाजकार्य करायचे आणि त्याचे पैसे मागायचे, हे शोभते का, असे विचारले जाईल. ज्या भूमीत माणसांनी मुक्तीसाठी आग्वादच्या तुरुंगात वर्षे काढली, काहींनी समुद्रापार पोर्तुगालच्या बंदिवासाची शिक्षा भोगली आणि घरादाराची होळी करूनही कोणाकडे हिशेब मागितला नाही, त्या भूमीत हा प्रश्न मनाला स्पर्श करतो, हे आम्ही नाकारत नाही. त्या पिढीच्या त्यागापुढे आमचे मस्तक सदैव नमलेले आहे. पण तो त्याग परक्या सत्तेविरुद्ध होता. आज राज्य आपले आहे. लढ्यात उडी घेणाऱ्याकडून त्यागाची अपेक्षा करावी, ही गोष्ट वेगळी. आणि दरवर्षी अंदाजपत्रक मांडणाऱ्या, जाहिरातींवर आणि उत्सवांवर सढळ हाताने खर्च करणाऱ्या सरकारने आपले नित्याचे काम दुसऱ्याच्या त्यागावर चालवावे, ही गोष्ट वेगळी. शिवाय त्यागाचा हा उपदेश करतो कोण? आमदारांचे वेतन आणि भत्ते वाढवण्याचे विधेयक आले, म्हणजे सत्ताधारी आणि विरोधक यांच्यातला दुरावा कसा क्षणात मिटतो, हे जनतेने पाहिलेले आहे. लोकसेवेला वेतन मिळणे अशोभनीय असेल, तर तो नियम विधानसभेपासून लागू व्हावा.

लोकप्रतिनिधींना वेतन असावे, हे आमचेही मत आहे. त्यामागचे तत्त्व मोठ्या झगड्याने प्रस्थापित झालेले आहे. इंग्लंडमधील चार्टिस्ट चळवळीने १८३८ साली आपल्या सहा मागण्यांत लोकप्रतिनिधींना वेतन मिळावे ही एक मागणी ठेवली होती, कारण वेतन नसलेल्या पार्लमेंटात फक्त जमीनदार आणि धनिक बसू शकत होते. ती मागणी पुरी व्हायला १९११ साल उजाडावे लागले. त्या वर्षी तेथील सदस्यांना वार्षिक चारशे पौंड मिळू लागले आणि कामगाराला सभागृहात आपल्या बळावर बसणे शक्य झाले. जे पद फुकटचे असते ते निष्कांचन माणसाला परवडत नाही. ते त्यालाच परवडते ज्याची सोय दुसरीकडे झालेली असते. ती दुसरी सोय कोणती, हे शोधू लागलो तर कधीकधी मोठे चमत्कारिक सत्य हाती लागते. २००९ च्या सुमारास केंद्राच्या मूल्यमापन समित्यांचे काही अध्यक्ष त्याच क्षेत्रातील कंपन्यांच्या संचालक मंडळांवरही असल्याचे समोर आले आणि त्यावरून देशभर वाद माजला. सरकारने मोबदला दिला नाही म्हणून माणूस बिनमोबदल्याचा राहतो असे नाही. त्याचा मोबदला कोण देतो, एवढेच आपल्याला कळेनासे होते.

आणि तज्ज्ञ म्हणजे केवळ पदवीधर, हा समजही सोडून द्यायला हवा. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आमचे रापणकार यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध उभे राहिले, तेव्हा किनाऱ्यालगतचे पाणी ही माशांची वीण वाढण्याची जागा आहे, तिथे ट्रॉलर फिरले तर पुढच्या पिढीला मासळी दिसणार नाही, असे ते सांगत होते. ते ज्ञान त्यांनी पुस्तकातून घेतलेले नव्हते. आज किनारपट्टीच्या कोणत्याही समितीवर अशा माणसाला मानाने बसवले पाहिजे, असे सारेच म्हणतात. पण तो येणार कसा? पणजीत सकाळी दहा वाजता बैठक ठेवली, म्हणजे त्याची रापण त्या दिवशी दुसऱ्याने ओढायची किंवा ओढायचीच नाही. त्याच्या शेजारी बसलेल्या अधिकाऱ्याचा पगार त्या दिवशीही चालू असतो. याची मात्र त्या दिवसाची मासळी बुडते. एकदा तो येईल, दोनदा येईल, तिसऱ्यांदा येणार नाही. मग इतिवृत्तात त्याच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ असा शेरा पडेल आणि पारंपरिक मच्छीमारांना रस नाही असा निष्कर्ष काढला जाईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. भरपूर मोबदला दिला, तर तज्ज्ञ सरकारचा मिंधा होईल. पुन्हा नेमणूक मिळावी म्हणून मंत्र्याला हवे तेच लिहून देईल. निवृत्तीनंतर समित्यांची पदे भूषवीत फिरणाऱ्यांचा एक वर्ग आपल्याकडे तयार झालेला आहेच. हा धोका खरा आहे. परंतु त्यावरचा उपाय मोबदला नाकारणे हा नसून तो मंत्र्याच्या मर्जीतून काढून घेणे हा आहे. न्यायाधीशाला आपण पगार देतो म्हणून तो सरकारचा मिंधा ठरत नाही. त्याचा पगार आणि मुदत सरकारच्या लहरीवर अवलंबून नसते म्हणून तो ताठ मानेने निकाल देतो. तज्ज्ञालाही तेच संरक्षण हवे. मोबदला किती मंजुऱ्या दिल्या यावर किंवा किती लवकर दिल्या यावर तर मुळीच ठरू नये. जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने राज्य प्राधिकरणांना मंजुरीच्या वेगानुसार तारे बहाल करण्याची योजना काढली होती. तिच्यावर टीकेची झोड उठली, ते योग्यच झाले. परीक्षकाला त्याने किती विद्यार्थी उत्तीर्ण केले यावर बक्षीस देणारी शाळा कोणी काढली, तर त्या शाळेत आपण आपली मुले घालू काय?

तिसरा आक्षेप तिजोरीचा. सरकारी पैसा जपून वापरावा, याबद्दल आमचे दुमत नाही. पण जपून वापरणे म्हणजे दमडीसाठी रुपया घालवणे नव्हे. खाण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निर्णयात वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, ती एका तज्ज्ञ समितीने सुचवलेल्या आकड्याच्या आधारे. त्या एका आकड्यावर ट्रक, बार्ज, धक्के, गॅरेजे, खाणपट्ट्यातल्या चहाच्या टपऱ्या आणि दुसऱ्या बाजूला शेते, ओहोळ आणि विहिरी, असे सारे अवलंबून राहिले. पुढे सरकारने ८८ पट्ट्यांचे जे नूतनीकरण केले, ते ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने रद्द ठरवले आणि खाणपट्टा पुन्हा ठप्प झाला. चुकीच्या निर्णयाचे मोल असे कोट्यवधींत आणि हजारो संसारांच्या ओढाताणीत मोजावे लागते. त्यापुढे दहापंधरा जाणकारांच्या वर्षभराच्या मानधनाची रक्कम किती भरेल? एखाद्या महोत्सवाच्या मंडपाइतकी तरी भरेल की नाही, याची आम्हास शंका आहे. आणि तिजोरीचीच चिंता असेल, तर प्रत्येक अर्जदाराकडून प्रकल्पाच्या आकारमानानुसार छाननी शुल्क घ्यावे, ते सरकारच्या स्वतंत्र निधीत जमा करावे आणि त्यातून हा खर्च भागवावा. प्रवर्तकाचा पैसा आणि तज्ज्ञाचा हात यांची गाठ मात्र कधी पडू देऊ नये. आघात अहवाल लिहिणाऱ्या सल्लागारांची नेमणूकही याच निधीतून सरकारने करावी, म्हणजे ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी हा प्रकार तिथेही थांबेल.

आमची मागणी मोजकी आहे. बैठक भत्त्याऐवजी कामाच्या दिवसांचे मानधन द्यावे. त्यात वाचनाचे, स्थळपाहणीचे आणि अहवाललेखनाचे दिवस धरावेत. त्याचा दर नियमाने ठरवावा आणि महागाईनुसार तो आपोआप वाढावा, त्यासाठी कोणाच्या दारात उभे राहण्याची पाळी येऊ नये. कागदपत्रे निदान पंधरा दिवस आधी हाती पडावीत आणि एका बैठकीत किती प्रकरणे घ्यावीत याला मर्यादा असावी. प्रवासाचे देयक महिनाभरात चुकते व्हावे. शिक्षकाला, शेतकऱ्याला, मच्छीमाराला बुडालेल्या दिवसाची भरपाई मिळावी. याच्या बदल्यात समाजाने तज्ज्ञाकडून पुरेपूर काम वसूल करावे. त्याने आपले हितसंबंध जाहीर करावेत, ज्या उद्योगावर निर्णय दिला त्या उद्योगाची चाकरी काही वर्षे स्वीकारू नये, प्रत्येक प्रकरणात आपले मत आणि त्याची कारणे स्वतःच्या नावाने लिहावीत आणि ती लोकांना वाचायला मिळावीत. जो वाचून येत नाही, त्याला घरी बसवण्याचा अधिकारही मग समाजाला मिळतो. फुकट राबणाऱ्याला जाब विचारता येत नाही, हाच तर फुकट राबवून घेण्यातला सर्वात मोठा तोटा आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. मानधन या शब्दात धन शेवटी येते आणि मान आधी. ४ मार्च २०१० रोजी केंद्राने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ समिती नेमली. समितीने सह्याद्रीच्या सहा राज्यांचा अभ्यास केला, लोकांची गाऱ्हाणी ऐकली. शेजारच्या सिंधुदुर्गातील ग्रामसभांनी आमचा परिसर संवेदनशील म्हणून राखावा असे ठराव करून पाठवले. ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल सरकारच्या हाती पडला आणि सरकारने तो दडवून ठेवला. माहिती आयोग आणि उच्च न्यायालय यांनी दट्ट्या दिला तेव्हा कुठे २०१२ साली तो लोकांना पाहायला मिळाला, आणि त्याच वर्षी त्यावर विचार करण्यासाठी आणखी एक समिती नेमण्यात आली! विद्वानाला कमी पैसे दिले तर तो एकवेळ सोसेल; त्याचे लिहिलेले कपाटात कोंडले तर तो पुन्हा लेखणी कशाला उचलेल? म्हणून तज्ज्ञाचा अहवाल ठरावीक मुदतीत प्रसिद्ध झालाच पाहिजे, आणि सरकारला तो मान्य नसेल तर त्याने आपली कारणे सांगितलीच पाहिजेत. हीही त्याच्या मोबदल्याचीच एक बाजू आहे.

आमचे ते प्राध्यापक आता आपल्या परसात रोपे वाढवतात. त्यांच्या जागी कोण आले याची आम्ही चौकशी केली, तेव्हा ती जागा पुष्कळ दिवस रिकामीच होती असे कळले. त्या रिकाम्या खुर्चीला बैठक भत्ता द्यावा लागला नाही, एवढी बचत शासनाने खात्रीने केली. तेवढ्या काळात किती पठारांच्या खोट्या याद्या त्या मेजावरून बिनबोभाट पुढे सरकल्या असतील, त्याचा हिशेब मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात सापडायचा नाही. तो पावसाळ्यात दरडी कोसळतील आणि उन्हाळ्यात विहिरी आटतील तेव्हा आपल्या मुलाबाळांपुढे मांडला जाईल, आणि तो चुकता करण्यावाचून त्यांना गत्यंतर राहणार नाही.